नसलेल्या पेरूपासून शंभर मीटर

आल्तो पाल्मिताल,
जळालेल्या गिरणीपासून दोनशे मीटर वर, हिरवं दार
८ फेब्रुवारी १९९९

ती. दामारिसताईस,
ओल्हेरचा सा. न. वि. वि.

ताई, वाट झाली. गावच्या समितीने नुसतं हो म्हणायला अख्खा पावसाळा खाल्ला, पण एकदा म्हटल्यावर मी आणि गावातल्या पोरांनी सुट्टीच्या दिवशी खपून घरापासून रानातून मुरूम चोपत नेला. तुझी चाकाची खुर्ची सहज वळेल एवढी रुंदी आहे, आणि चढ इतका हलका की एलादिओकाकांची म्हातारी गाय त्यावर येऊन झोपा काढते.

तू लिहिलं होतंस, मेलेल्या पेरूपासून शंभर मीटर उजवीकडे. बरोबर तिथेच संपवली. शेवटी बाक टाकलाय. तिथून काकांचं कुरण दिसतं आणि वारा या बाजूचा असला तर नदीचा आवाजसुद्धा येतो. आता ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाला ये. आईने मुरंब्याचा भोपळा आत्तापासून पलंगाखाली लपवलाय, माझ्या भीतीने.

लोभ आहेच, मुरूम वाहून माझी पाठ मोडलीय हे ध्यानात घेऊन तो जरा वाढव.

तुझा,
ओल्हेर


सान होसे,
बंद पडलेल्या थिएटरच्या मागे
१७ फेब्रुवारी १९९९

चि. ओल्हेर यास,
अ. उ. आ.

शाब्बास रे पठ्ठ्या. पण नदीचा आवाज येतो म्हणजे काय? मला नदी हवी होती. आपला डोह. तू शाळेमागचा, वीज पडून मेलेला पेरू धरलास. मी म्हणत होते तो पांढरा पेरू, डोहाकडे उतरताना लागायचा, मामाने तोडला तो. आपल्या गावात पत्ता सांगायचा तो नसलेल्या वस्तूवरूनच, आणि प्रत्येक घराचा नसलेला पेरू वेगळा. आता भांडायचं कुणाशी, दोन्ही पेरू तर गेले.

तुम्ही एवढे राबलात आणि मी खोट काढतेय, याचं वाईट वाटतं. तरी विचारते, पुढे डोहापर्यंत नेता येईल का?

आईला जप. लोभ ठेव, मी तो भोपळ्यासकट वसूल करीन.

तुझी,
दामारिसताई


आल्तो पाल्मिताल,
२६ फेब्रुवारी १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आई इतकी हसली की गुळाचं गरम पाणी तिच्या नाकातून आलं. पोरं मात्र माझ्याकडे फावडं रोखून बघतात.

अगं, पुढे काकांचं कुरण आडवं येतं आणि काका वाट द्यायचे नाहीत. पण राहिलंय ते एवढंसंच. तिथून मी तुला पाठीवर घेईन. दरवर्षी घेतोच की. तू काही जड नाहीस, जड आहे ती तुझी बडबड.

राग मानू नकोस, लोभ तेवढा मान.

तुझा,
ओल्हेर


सान होसे,
६ मार्च १९९९

चि. ओल्हेर यास,
अ. उ. आ.

मी या वर्षी येत नाही.

इथे मी एकटी कामावर जाते, एकटी बाजारात घासाघीस करते. गावी आले की माझं कॉफीचं पोतं होतं. तुझ्या पाठीवरून मला नदी दिसत नाही, तुझी मान दिसते. आणि ‘ताई, थंडी वाजेल, चल आता,’ हेही तूच ठरवतोस. बस उलटली तेव्हापासून डोहात पाय सोडून मला किती वेळ बसायचंय, हे एकानेही विचारलेलं नाही. तुझ्या मायेबद्दल तक्रार नाही रे. पण मला तिथे माझी मी जायचंय. नाहीतर इथेच बरी आहे.

लोभ आहे, म्हणूनच हे लिहिलं.

तुझी,
दामारिसताई


आल्तो पाल्मिताल,
२३ मार्च १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस मी फुगून बसलो होतो. आई म्हणाली, की एवढा पाठीचा माज आहे तर एक दिवस पाठ टेकवून बस. म्हणून दवाखान्यातली चाकाची खुर्ची मागून आणली आणि आपल्याच वाटेवर निघालो. हलका म्हटलेल्या चढावर जीभ बाहेर आली. वळणावर घसरलो, तर पोरं लगेच ढकलायला धावली. मी नको म्हणत होतो, कुणी ऐकेना. फार संताप आला, ताई. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं.

चढ मोडून लांबवला आणि मध्ये टेकायला सपाट जागा केल्या. एलादिओकाकांना आईने गाठलं. ते कुरकुरत म्हणाले, की फाटक उघडं राहून गाई गेल्या तर दामारिसला दूध काढायला बसवीन. फाटकाची कडी खुर्चीतून हात पोचेल एवढी खाली बसवलीय. वाट डोहाच्या सपाट दगडाला टेकली. तू ये. पाठ घरी ठेवतो.

लोभाची वाट बघणारा,
ओल्हेर


सान होसे,
७ एप्रिल १९९९

चि. ओल्हेर यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. मुरंब्याची बरणी वाटेतच निम्मी झाली.

शुक्रवारी सकाळी मी न सांगता डोहावर गेले, त्याबद्दल आई अजून बोलत असेल. पवित्र शुक्रवारी पाण्यात उतरलेली बाई मासा होते, हे तिने मला बसमध्ये चढेपर्यंत ऐकवलं. तू तर एका पायात बूट घालून धापा टाकत आलास, आणि मी हसले म्हणून चिडलास. घरभर शोधलं, आई गोठ्यात हाका मारत होती, निदान चिठ्ठी तरी ठेवायची, असं म्हणालास. तुझं खरं आहे.

चढावर हात भरून आले, टेकत टेकत गेले. फाटक मी उघडलं, मीच लावलं. दगडावर सरकून पाय पाण्यात सोडले. पायांना काही कळत नाही, म्हणून ओंजळीने मांडीवर पाणी घेत बसले. किती वेळ, कोण जाणे.

ओल्हेर, अपघातापासून गावी आले की मी कुठे आहे हे कुणाला ना कुणाला कायम ठाऊक असतं. जिथे ठेवतील तिथे मी असते. त्या सकाळी पहिल्यांदा तुम्हाला मला शोधावं लागलं. तुझ्या हाका रानातून स्पष्ट ऐकू येत होत्या. मला इतकं बरं वाटलं, की मी बराच वेळ ओ दिलीच नाही.

रागावला असलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
दामारिसताई