बांगड्यांखालची जागा

३ फेब्रुवारी २०२५

गर्भाशयाची पिशवी काढायची ठरली. तारीख दहा. कापाकापीची भीती नाही — शुद्धीवर येण्याची आहे. राजवीरच्या बाळंतपणात भुलीनंतर दोन दिवस ओकत होते. टाके उसवले, पुन्हा घालावे लागले. भुलीच्या डॉक्टरांना हे सांगितलं. म्हणाले, औषधं देऊच. जोडीला मनगटावर अ‍ॅक्युपंक्चरची सुई लावून बघू, काहींची मळमळ कमी होते.

आणि सुईवाल्या डॉक्टर कोण, तर शिवलीला! गेल्या साली मीच पेपरातल्या माझ्या सदरात त्यांच्यावर लिहिलेलं — सुया टोचून माणूस बरा होत असता, तर गोधड्या-वाकळा शिवणाऱ्या बायकांनी दवाखाने काढले असते. अख्खी पेठ हसली होती.

५ फेब्रुवारी

शिवलीलाबाईंना भेटले. मनगटापासून तीन बोटं मोजून त्यांनी आत दाबलं. जागा ही. डाव्या हाताला सलाइन असेल, म्हणून उजव्याला लावू. बांगड्या तेवढ्या काढून या.

निघताना म्हणाल्या, "वाकळा शिवूनच अव्वानं मला डॉक्टर केलं."

आईला अव्वा म्हणणारी बाई — शिरोळकडची, कर्नाटकाच्या शिवेवरची. मी फाइल उचलून निघाले.

९ फेब्रुवारी

सासूबाई बांगड्या काढू देईनात. "सयाजी जित्ता हाय की! त्यो असताना मोकळ्या हातानं जायाचं न्हाय."

ज्याच्या आयुष्यासाठी हे सगळं, तो सयाजी पेपरात तोंड घालून बसला. ऐंशीच्या बाईशी काय भांडायचं? खरं म्हणजे — मलाही हात मोकळा नको वाटला. हे सदरात कधी लिहिणार नाही.

११ फेब्रुवारी

काल ऑपरेशनआधी सिस्टरनी बांगड्या हातावर गच्च बसवल्या, वरून चिकटपट्टी. नेमकी ती जागा झाकली. शिवलीलाबाई आल्या तोवर मी भुलीत.

शुद्धीवर आले ती ओकतच. सयाजी माझ्या पोटावर उशी दाबून उभा — टाके तुटू नयेत म्हणून. शिवलीलाबाईंनी पट्टी कापली, बांगड्या कोपराकडे सारल्या, सुई लावली. तासाभरानं पोट निवलं. इंजेक्शनही दिलेलंच, गुण कशाचा, ठाऊक नाही. टाके टिकले.

सासूबाई कोपऱ्यातून नुसत्या बघत होत्या.

१५ फेब्रुवारी

घरी. खोकायचं तरी पोट धरून.

२० फेब्रुवारी

पिशवीचा रिपोर्ट आला. कॅन्सर. केमो घ्यायची. उलट्या होणार म्हणाले.

सयाजीनं आईला सांगितलं. त्या उठल्या. साबणाचं पाणी घेऊन माझ्याजवळ बसल्या आणि एकेक बांगडी उतरवली. एकही फुटू दिली नाही. मग माझ्या मनगटावर आपली तीन बोटं ठेवली.

"सुई हितंच लावत्यात न्हवं?"