घडीच्या चाकूचा सांधा आणि माझे दुकान

मी, या गल्लीत अडतीस वर्षे चाकू-कात्र्यांना धार लावणारी, वय एकाहत्तर, आज सकाळी दोन कप चहा घेऊन, चष्मा पुसून आणि दुकानाचे शटर अर्धे ओढून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा कागद दिला आहे. जावईबापूंना शंका असेल तर त्यांनी तो वाचावा. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझ्यावर दडपण आणण्याची आमच्या घरात कोणाची छाती नाही.

पाच वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. त्यात धाकट्या भावाच्या नावापुढे 'काहीही नाही' असे लिहिले होते. ते का बदलले, हे कलम चारमध्ये येईल. आधीच पाने उलटू नयेत.

कलम एक. राहत्या दोन खोल्या, कपाट, भांडी आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. मोरीतला नळ तीनदा दुरुस्त करूनही गळतो. प्लंबरला माझ्या वतीने चार शब्द सुनवावेत, आणि ते हळू आवाजात नकोत.

कलम दोन. जावईबापूंना त्यांनीच मला भेट दिलेले धार लावायचे विजेचे यंत्र परत. "आई, मिनिटात काम होतं, बघा तर खरं!" असे म्हणून त्यांनी ते लावले आणि मिनिटात माझा भाजीचा चाकू निम्म्या रुंदीचा केला. तो चाकूही त्यांनाच द्यावा. रोज डोळ्यांसमोर राहू दे.

कलम तीन. दुकान, त्यातले बाक, काळा खरबरीत दगड आणि पांढरा बारीक दगड ज्याच्याकडे जातील, त्याच्यावर एक अट आहे. ही अट जिवंतपणी सांगून सांगून माझा घसा बसला, म्हणून आता कायद्याने सांगते. घडीचा चाकू दगडाला लावण्यापूर्वी पाते मुठीला जिथे खिळीने जोडलेले असते तो सांधा कोरडा पुसावा आणि त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत. धार लावताना टोक खाली आणि मूठ वर धरावी, म्हणजे दगडाचे गढूळ पाणी सांध्याकडे न जाता टोकाकडून गळून जाते. काम झाल्यावर चाकू धुवावा, वाळवावा, मग पट्टी काढावी आणि तेलाचा एक थेंब सोडावा. तेल शेवटी! आधी तेल सोडणारे महाभाग आहेत. तेलात दगडाची पूड बसली की तिचा लेप होतो, आणि तो सांधा आतून खात राहतो. एवढी साधी गोष्ट माणसांच्या डोक्यात का शिरत नाही, हे मला या वयातही कळलेले नाही.

कलम चार. हे लिहिताना माझी मलाच चीड येत आहे, तरी लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी कलमे बांधणाऱ्या माळ्याचा घडीचा चाकू आमच्याकडे आला. तेव्हा भाऊ काळ्या दगडावर बसत असे आणि मी पांढऱ्या. तो आधी धार उभी करायचा, मी ती बारीक करायची. चार दिवसांनी माळी अंगठ्याला फडके गुंडाळून दुकानात उभा. चाकू अर्धवट उघडून अडकला होता, जोर केला तर पाते फिरून अंगठ्यात घुसले होते. त्याने चाकू बाकावर आपटला, "ठेवा तुमच्याकडेच!" म्हणाला आणि गेला. मी गिऱ्हाइकांदेखत भावावर तोंड सोडले. "पट्टी लावायला काय हात झडले होते का तुझे?" तो मान खाली घालून निघून गेला. त्यानंतर मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

परवा वकीलबाईंनी खणांतल्या वस्तूंची यादी मागितली. तो चाकू निघाला. म्हटले, बघू तरी या शहाण्याने काय केले होते. खीळ ठोकून काढली. आत पूड दाटून बसलेली, आणि ती पांढरी. काळ्याचा एक कण नाही. पांढऱ्या दगडावर मी बसायची. मग आठवले. मुठीजवळची बोटभर धार लागत नव्हती, म्हणून भावाने नीट गुंडाळलेली पट्टी मीच ओढून काढली होती. वर तेलही सोडले होते. मी!

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, हे मृत्युपत्रात कशाला? तुम्ही गेल्यावर कळून त्यांना काय उपयोग? जाऊन सांगा ना." लोकांना फुकटचा सल्ला द्यायला काय जाते! पण काल दुपारी गेले. त्याने दार उघडले. केस सगळे पिकले आहेत त्याचे. मी उंबऱ्यातच सांगून टाकले.

तो म्हणाला, "मला माहीत होतं, ताई. त्याच दिवशी."

"कसं?"

"माळी आला तेव्हा तू एका गिऱ्हाइकाची कात्री दगडाला धरून बसली होतीस. खणाच्या कडेला पट्टी लोंबत होती, पांढऱ्या पुडीनं माखलेली. तुझ्याच बाजूच्या खणाला. माळ्याला दिसेल म्हणून काढून खिशात घातली."

"मग बोलला का नाहीस, गाढवा? अकरा वर्षं!"

"तू बोलू देत होतीस कुठे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी अब्रू झाकायला याला कोणी सांगितले होते? मी भांडले, मग त्याच्याच पायरीवर बसून रडले, आणि तो आत जाऊन पाणी घेऊन आला.

म्हणून दुकान, बाक आणि दोन्ही दगड भावाला. ही भरपाई नाही. अकरा वर्षांची भरपाई दगडांनी होत नाही. पट्टी लावणारा तोच होता, एवढेच. माळ्याचा चाकू नवी खीळ घालून माळ्याकडे पोहोचवावा. चूक कोणाची, हे सांगायला मी स्वतः सोबत जाईन.

वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते. होत असेल. भाऊ उद्या सकाळी नऊला कामावर येतो आहे. हे कलम आजपासून लागू समजावे.

सही: धारवाली
साक्षीदार: (१) शेजारचा चष्मेवाला (२) समोरच्या छापखान्यातली बाई. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना दोनदा सांगितले आहे.
स्थळ: दुकान, पांढऱ्या दगडाजवळ
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा