दोन बैलांचं घर

कॉन्स्टंटिनोपल,
द्राक्षं भरायला लागण्याच्या दिवसांत

प्रिय बाबा,

मी मेलो असं धरून चालायचं ठरवलंत, हे एका परीनं बरंच झालं. मेलेल्याला निदान 'परत कधी येतोस' असं कुणी विचारत नाही. तुमचा निरोप खेचरवाल्या स्त्रातोसनं आणला आणि मी काम करतो त्या सार्वजनिक न्हाणीघराच्या दारात, चार लोकांदेखत, तुमचाच आवाज काढून सांगितला. "त्याला म्हणावं, एक पोरगा गेला, मरियामातेच्या सणाला मी दुसरा घेतोय. आणि साधासुधा नाही, सगळा मुलूख ज्यांना मुजरा करतो ते बर्दाससाहेब स्वतः मला बाप म्हणणार आहेत." लोक हसले. मीही हसलो, पण मग दिवसभर ज्याच्या पाठीला हात लावला त्याचं कातडं सोलून काढलं. बाबा, छाटणीवरून भांडलो, कुंपणावरून भांडलो, नांगराचा फाळ कुणी बोथट केला यावरून तर जेवण सोडेपर्यंत भांडलो, आणि दर वेळी तुम्ही जिंकलात. या भांडणात मी हार घेणार नाही.

पाद्रीबुवा, हे पत्र तुम्हीच मोठ्यानं वाचताय, मला ठाऊक आहे. गावात दुसऱ्या कुणाला अक्षर येतंय? मलाही तुम्हीच शिकवलंत, एका हिवाळ्यापुरतं, कान पिळून. तेव्हा इथून पुढं खोकला आला तरी ओळ गाळू नका. दत्तकाची प्रार्थना तुम्हीच म्हणणार आणि बर्दाससाहेबांनी चर्चला चांदीचा दिवा कबूल केलाय, हेही स्त्रातोसनं सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नाही, तुम्हाला माहीत आहेच.

इथं माझं बरं चाललंय. आधी भट्टीत लाकडं सारत होतो, आता वर घेतलंय, पाठी चोळायला. गंमत सांगतो. रस्त्यावर चालताना माणसाच्या अंगरख्यावरून कळतं की याला 'साहेब' म्हणायचं, त्याला 'महाराज' म्हणायचं आणि कुणासमोर नुसती मान खाली घालायची. पण आमच्याकडं कपडे खुंटीवर गेले की कोण बलवान आणि कोण दुबळा, देवालाही सांगता येणार नाही. सगळ्यांची ढेरी सारखीच घाम गाळते. त्यातलाच एक ख्रिस्तोदुलोस म्हणून कारकून आहे. कायद्याच्या नकला करून त्याचे खांदे आखडतात, मी ते मोकळे करतो आणि तो बोलत सुटतो. त्याला मी तुमचा निरोप सांगितला. तो दगडावरून ताडकन उठून बसला. म्हणाला, "अरे, मी ज्या कायद्याची नक्कल करून करून खांदे मोडून घेतले, तो हाच!" सम्राटांनी हुकूम काढलाय. ज्या गावात बलवानाची आधीपासून जमीन नाही, तिथं त्यानं ती विकत घ्यायची नाही, दानात घ्यायची नाही आणि दत्तक मुलगा होऊन तर मुळीच घ्यायची नाही. कारण जमीन विकायची झाली तर पहिला हक्क शेजाऱ्याचा. परक्याला आत शिरायला वाट नाही. म्हणून मग हे साहेब लोक एखाद्या एकट्या म्हाताऱ्याला गाठतात आणि त्याचे लेक होतात. लेकाला कोण अडवणार?

आता तुम्ही चिडणार, कारण त्या कायद्यात तुम्हाला 'दुबळा' म्हटलंय. मीही चिडलो होतो. मी ख्रिस्तोदुलोसला ऐकवलं, "माझा बाप दुबळा नाही, आमचं दोन बैलांचं घर आहे." तो म्हणाला, "लेका, इथं दुबळा म्हणजे उपाशी नव्हे. ज्याच्यासाठी कचेरीचं दार आपणहून उघडत नाही तो दुबळा. तुझ्या बापाचे दहा बैल असले तरी तो बाहेरच उभा राहणार."

दोन बैलांचं घर! बाबा, हे मी कुठल्या तोंडानं बोललो ते तुम्हाला ठाऊकच आहे. कर लिहिणारा गावात आला की कुणाला दोन बैलांचा लिहितो, कुणाला एका बैलाचा, आणि ज्याच्याकडं काहीच नाही त्याला पायी. जमीन दगडासारखी गोठली त्या वाईट हिवाळ्यात आपला काळा बैल मेला, आणि तेव्हापासून दरवर्षी तुम्ही शेजारच्या कालीकाकूंचा बैल पहाटे आपल्या गोठ्यात आणून बांधता. का, तर दोन बैलांचा कर भरता यावा म्हणून! लोक कर चुकवायला बैल लपवतात आणि माझा बाप कर वाढवायला बैल उसना आणतो. कालीकाकू म्हणायच्या, "तुझ्या बापाला भाकरी अर्धी चालेल, नाव अर्धं चालायचं नाही." तेव्हा मला लाज वाटायची. आता वाटत नाही. पण भीती वाटते, कारण बर्दाससाहेबांनी तुमची हीच नाडी ओळखलीय. त्यांच्या तोंडून 'बाबा' ऐकायला मिळावं म्हणून तुम्ही शेत देऊन बसाल.

नदीपलीकडच्या इग्नातिओसकाकांना विसरलात? त्यांनाही असाच लेक मिळाला होता. चर्चमध्ये साहेब तीनदा 'बाबा' म्हणाले, चौथ्यांदा कधी म्हणाले ते कुणाला आठवत नाही. आता काका स्वतःच्याच शेतात कूळ म्हणून राबतात आणि खळ्यावर पोरं विचारतात, "काय काका, लेकानं आज तुमच्यापुरती किती मापं ठेवली?" तुम्हीच हे सांगून हसायचात. आणि आपल्याकडं शेत एकदा बर्दाससाहेबांचं झालं की ते कर भरणार नाहीत. त्यांच्या दाराशी कर मागायला कोण जातंय? साऱ्या गावानं मिळून भरायचा आकडा तर कमी होत नाही. तो कालीकाकूंच्या आणि बाकीच्यांच्या डोक्यावर बसणार. ज्या बाईनं तुमची अब्रू राखायला बैल दिला, तिचाच बैल त्यात जाईल.

कायदा आहे म्हणून मी निर्धास्त नाही. ख्रिस्तोदुलोसच म्हणतो, कायदा राजधानीत जन्मतो, पण तुमच्या गावापर्यंत चालत जाता जाता म्हातारा होतो. शिवाय तुम्ही आणि पाद्रीबुवा दोघं राजी असल्यावर तक्रार करणार कोण? तेव्हा मी तुम्हाला हुकूम दाखवून घाबरवत नाही. तुम्हाला कशाची भीती आहे ते मला कळतं. तुम्हाला जमिनीची नाही, मेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाची भीती आहे. तुमच्या नावानं गहू कोण शिजवणार, त्यावर डाळिंबाचे दाणे कोण टाकणार, थडग्याशी मेणबत्ती कोण लावणार? बाबा, बर्दाससाहेब आपल्या नोकराला पाठवतील. तोही उशिरा येईल.

मुलगा हवा, हे तुमचं खरं आहे. म्हणून हे पत्र. तो मुलगा तुमच्या गोठ्याच्या माळ्यावर झोपतो. त्याच वाईट हिवाळ्यात मार्कियानोस आपल्या दाराशी येऊन पडला होता, डोंगरापलीकडून, पायांना चिंध्या बांधून. आईनं त्याला मसूर भरवले आणि तुम्ही ओरडलात, "हा पायी माणूस वसंत येताच चालता झाला पाहिजे." इतके वसंत गेले, तो कुठं गेला? मी नांगरामागं चालायचो तेव्हा मला बैलाच्या शेपटीपलीकडचा रस्ताच दिसायचा. तो चालतो तेव्हा त्याला माती दिसते. आईला शेवटी पाणी पाजलं ते त्यानं, मी तेव्हा बंदरावर होतो. तो तुम्हाला 'मालक' म्हणतो, कारण दुसरं काही म्हणायची कुणी परवानगी दिली नाही. ती द्या. त्याच्या गाठीला काही नाही, त्यामुळं त्याला हा कायदा आडवा येत नाही. आणि कालीकाकूंसकट सगळं गाव त्याच्या बाजूनं उभं राहील, कारण तो शेत पडीक पडू देणार नाही आणि त्याचा कर भरत राहील. सणाच्या दिवशी वेदीसमोर त्यालाच उभं करा. पाद्रीबुवा, प्रार्थना तीच आहे, फक्त दिवा मातीचा असेल.

माझ्या जागेची काळजी करू नका, ती मी रिकामी करतोय. द्राक्षतोडणीला येतो असं मी दरवर्षी कळवत आलो, या वर्षी कळवत नाही. समुद्रापार खेरसोनला जाणाऱ्या जहाजावर माझं नाव लागलंय, तिथून आणखी पुढं नदीनं वर जायचं म्हणतात. रागानं जात नाही, बाबा. मला रस्ता दिसला की पाय थांबत नाहीत, आणि हे तुम्ही माझ्या आधी ओळखलं होतं. जहाजवाल्यानं आगाऊ पैसे दिले, त्यात माझे साठवलेले घातले आणि स्त्रातोसच्या हाती देतोय. पुढच्या खेपेला कर लिहिणारा येईल तेव्हा कालीकाकूंचा बैल त्यांच्याच गोठ्यात असू दे.

तुमचाच, आणि मार्कियानोसचा धाकटा भाऊ,
ताराशिओस

पिशवीत सोन्याची तीन नोमिस्मा नाणी आहेत. काळाच बैल घ्या.