धुरकऱ्याची डावी बाजू

आदिलाबाद
५ जानेवारी २०२५

चि. अमरदीप यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

चार महिने तुला पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. फोनवर आपण भांडतो म्हणून कागदावरच बोलायचं, हे मीच ठरवलं आणि मीच पाळलं नाही. दोनदा लिहून फाडलं. दोन्ही पत्रांत मी स्वतःला फार चांगलं दाखवलं होतं.

बाबांच्या फियाटबद्दलची तुझी अट मला मान्य आहे. २ फेब्रुवारीच्या रविवारी भंगारवाला येईल. त्याआधी गाडी स्वतःच्या इंजिनावर फाटकापर्यंत जाऊन परत आली, तरच ती राहील. पण ती का राहावी, हे मी तुला पूर्ण सांगितलं नव्हतं.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. घरात आई दिवसभरात दहा शब्दही बोलत नाही. दुपारी जेवण झालं की मात्र ती शेडमध्ये जाते, गाडीत ड्रायव्हरशेजारच्या आपल्या जागेवर बसते, डोळे मिटते आणि निघते. आधी इंद्रवेल्ली येतं, मग उटनूर, मग केरामेरीचा घाट. घाटात ती दार घट्ट धरते आणि बाबांना म्हणते, हळू चालवा. आसिफाबादला चहा होतो. माहेराच्या अलीकडे, बेज्जूरच्या रानात सागवान दाट होतं, तिथे तिला झोप लागते. मी शेडच्या दाराशी कॉलेजच्या उत्तरपत्रिका तपासत बसलेली असते. खरं सांगते, एकदा मलाही सागाच्या ओल्या पाचोळ्याचा वास आला. गाडी गेली तर आईचं उरलेलं बोलणंही जाईल, ही माझी भीती.

जुना कार्ब्युरेटर आतून गंजून बसला आहे. इथले मेकॅनिक आता सगळं कंप्युटर लावून बघतात, याला हात लावत नाहीत. मंचेरियलच्या एका दुकानातून मी त्याच मापाचा आणला, पण तो नंतरच्या गाडीचा आहे. आपल्या जुन्याला एकच बारीक नळी होती, याला दोन बाजूंना दोन आहेत. दुकानदार म्हणाला की दुसरी धूर कमी करणाऱ्या यंत्रणेसाठी आहे, मॅडम, बंद करके चलाओ. ते मला टोचलं. धूर कमी करायची सोय बुजवून गाडी चालवणं ही लबाडी तर नाही ना? तू डेपोत एवढी वर्षं इंजिनं उघडतोस. नीट कळव.

राग असला तर असू दे. त्याच्या खालची माया जागेवर ठेव.

तुझी,
प्रीतीताई

*

चंद्रपूर
११ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. एकेक उत्तरपत्रिका तीनदा तपासणारी तू, कार्ब्युरेटरलाही नीतीचा प्रश्न विचारणार हे ठरलेलंच होतं. रश्मी वाचून हसली. म्हणाली, नवऱ्यापेक्षा नणंद बरी, निदान विचारते तरी.

लबाडी नाही. आपली गाडी १९८४ ची. ती यंत्रणा तिच्यात कधी नव्हतीच. असलेलं काढून टाकणं वेगळं आणि जे नाहीच त्याचं तोंड बंद करणं वेगळं. ते उघडं राहिलं तर इंजिन तिथून फुकटची हवा ओढेल आणि आणखी बिघडेल. गाडी सुरू झाली की धुराची तपासणी करून घे. गावालाही बरं आणि तुझ्या मनालाही.

आता जोडणी. आधी बॅटरी सोडव आणि जवळपास उदबत्तीसुद्धा नको. पंपाकडून येणारा पेट्रोलचा पाइप लाव, मध्ये नवा फिल्टर घाल. चोकची तार आत ढकलली की वरची झडप पूर्ण उघडली पाहिजे. ॲक्सिलरेटरचा दांडा कुठेही अडकता कामा नये. इंजिनच्या श्वासाची जाड नळी एअर फिल्टरला जाईल. राहिल्या त्या दोन बारीक नळ्या. डावीकडची डिस्ट्रिब्युटरला जोड, म्हणजे ठिणगी वेळेवर पडेल. उजवीकडचीला रबरी टोपी घालून क्लिप आवळ. एवढंच आहे.

आईबद्दल तू लिहिलंस ते मी एकदाच वाचलं. पुन्हा वाचलं नाही. तुझी तब्येत सांभाळ, आदिलाबादच्या थंडीत उघड्या शेडमध्ये बसून वाचत जाऊ नको.

लहान आहे म्हणून सांभाळून घेतेस तसंच घे.

तुझा,
अमरदीप

*

आदिलाबाद
१८ जानेवारी २०२५

चि. अमरदीप यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र बॉनेटवर पसरून, त्यावर पाना ठेवून, मी एकेक ओळ केली. झालेल्या कामासमोर पेन्सिलीने खूण केली. नळ्यांची ओळ दोनदा वाचली. डावी डिस्ट्रिब्युटरला, उजवीला टोपी.

गाडी सुरू झाली, पण सुरू झाली म्हणू नये अशी. उभ्या जागी भन्नाट पळते, सगळं अंग हलवते, आणि ॲक्सिलरेटर दाबला की खोकून दम टाकते. फाटक तर दूरच, ती शेडच्या उंबऱ्यावरच बंद पडली.

आई तेव्हा आत बसलेली होती. मी तिला उतरायला सांगायला हवं होतं. तिच्या प्रवासात खऱ्या इंजिनाचा आवाज आला तर तिला आनंद होईल, असं मला वाटलं, की मला माझं यश तिला दाखवायचं होतं? वहीत मी दोन्ही लिहून ठेवलं आहे. आवाज झाला तशी तिने डोळे उघडले, स्टेअरिंगमागे मला पाहिलं आणि दार उघडून उतरली. जाताना एवढंच म्हणाली, की ह्यांची गाडी अशी नाही बोलत, काऊन छळून राह्यली तिले. त्याला आज तीन दिवस झाले. ती शेडकडे फिरकलेली नाही, आणि घरातले दहा शब्दही आता नाहीत.

दुपारी शेडमध्ये ऊन तिरपं पडतं. तिची सीट रिकामी दिसते आणि मला वाटतं, ती केरामेरीच्या घाटातच कुठे उतरून राहिली आहे.

मी कुठे चुकले ते सांग. तुझ्याशिवाय हे विचारावं असं दुसरं कोणी मला नाही.

तुझी,
प्रीतीताई

*

चंद्रपूर
२३ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम.

माझं सांगणं बरोबर आहे. डावी ती डावीच. डेपोत पोरंसोरंही तशीच जोडतात. दोन तारखेच्या रविवारआधी मला सुटी नाही, नाहीतर आलो असतो. असं लिहिलं खरं, पण ते अर्धंच खरं आहे.

मागच्या पावसाळ्यात आलो होतो, तेव्हा तू कॉलेजला गेली होतीस. मी शेडबाहेर उभा होतो. आई बाबांना सांगत होती, की अमरदीप अजून रागात हाये, तुमी त्याले एकदा समजावा. बाबांशी माझं शेवटचं बोलणं भांडणाचं होतं, हे तुला माहीत आहे. मी तिला हाक न मारता बसस्टँडवर गेलो. गाडी गंजते म्हणून ती मला नको आहे, असं नाही. तिच्यात बाबा अजून माझी वाट पाहतात, ते मला सोसत नाही.

आता तू ठरव. रविवारच्या भंगारवाल्याला हो की नाही, ते कळव. रागावली असशील तर लिहूनच रागव.

तुझा,
अमरदीप

*

आदिलाबाद
२९ जानेवारी २०२५

चि. अमरदीप यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवायचं की नाही, यावर मी एक दिवस घालवला. तू ते मला लिहिलं होतंस, तिला नाही. शेवटी सगळं वाचलं. त्यासाठी रागावायचं तर रागव.

आईने ओट्यावर बसून ते ऐकलं. मग उठली, शेडमध्ये आली आणि म्हणाली की डावी नळी कोणती ते दाखव. मी बॉनेटसमोर उभी राहून दाखवली. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी मी बारावीच्या मुलांकडे बघते. म्हणाली, बैलाच्या तोंडाफुडं उभी राहून डावा-उजवा ठरवून राह्यली का बाई? तुझा आजा सावकाराची बैलगाडी हाकणारा धुरकरी होता. बैलाचं डावं-उजवं धुरेवर बसूनच पाह्यतात, तिथून डावा तोच डावा. एवढे कागद शिकली, अन् गाडी हाकणारा कुठं बसतो ते विसरली.

तू तर ड्रायव्हरच्या जागेवरूनच मोजणार, ते मला सुचायला हवं होतं. मी धुराचा प्रश्न विचारला आणि उत्तर धुरकऱ्याच्या लेकीने दिलं. नळ्या बदलल्या. टोपी इकडची तिकडे केली. चोक ओढला, किल्ली फिरवली, आणि गाडी अशी सुरू झाली, जसं दूर कोणी दळण दळतं आहे.

या वेळी मी आईला आधी विचारलं. ती तिच्या जागेवर बसली. धुराची तपासणी झाल्याशिवाय मोठ्या रस्त्याला न्यायची नाही, म्हणून फक्त फाटक, आणि मग मोह झाला म्हणून गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टाकीपर्यंत. तिने डोळे मिटले नाहीत. टाकीच्या वळणावर दार धरलं आणि म्हणाली, हळू चालव.

चालवा नाही. चालव.

मला पुढचं काही दिसेना, म्हणून गाडी कडेला घेतली. मी तिला काही परत दिलं की तिच्याजवळचं शेवटचं काढून घेतलं, ते अजून ठरवता येत नाही. ती मात्र बोलत राहिली, शेजारच्यांच्या भिंतीबद्दल, सीटच्या टोचणाऱ्या स्प्रिंगबद्दल, तुझ्याबद्दल. तुझ्यासाठी निरोप आहे: राग असंल तर घेऊन ये म्हणावं, ठिवाले जागा हाये. समजवाले आता मीच हावो.

परत फिरताना तिने विचारलं, की टाकीवर काय लिवलं हाये, तेलुगू हाये का मराठी? ठसठशीत तेलुगू अक्षरं होती, हातभर उंच. इतके दिवस ती मिटल्या डोळ्यांनी पार बेज्जूरपर्यंत सगळं स्पष्ट बघत होती, म्हणून माझ्या हे लक्षातच आलं नाही.

रविवारच्या माणसाला नको कळव. येशील तेव्हा पुढची सीट आईची आहे हे ध्यानात ठेव. लोभ असावा असं मी आता लिहिणार नाही, तो तुझाच आहे, येऊन घे.

तुझी,
प्रीतीताई

ता. क. वहीत उद्याचं काम लिहिलं आहे: आईला रिक्षाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणे.