टेक्सासच्या कोर्टात बाबांचं नाव

क्रेगीबर्न, मंगळवार, संध्याकाळ

ऑस्ट्रेलियन सिटिझनशिपचा फॉर्म एकाच प्रश्नावर अडलेला: कुठल्याही देशात तुमच्यावर केस झाली होती का? टेक्सासला शिकताना माझ्यावर स्पीडिंगची केस झाली होती. ती मिटावी म्हणून सांगितलेला ड्रायव्हिंगचा कोर्स मी केला, पण सर्टिफिकेट कोर्टात पोचलं का? तिथल्या म्युनिसिपल कोर्टाच्या साइटवर नाव टाकलं की रोज तेच उत्तर, रेकॉर्ड नाही. म्हणजे सुटले, की कुठेतरी वॉरंट पडून आहे?

आज सकाळी शिफ्टला जाण्याआधी सरळ तिथे फोन लावला. क्लार्कबाईने विचारलं, "तेव्हा नाव हेच होतं?"

अगं बाई! महिनाभर मी लग्नानंतरचं नाव शोधतेय. मध्ये नितीन, शेवटी त्याचं आडनाव. तेव्हा नितीन होता कुठे? मध्ये बाबांचं नाव होतं.

माहेरचं नाव सांगितलं आणि मिनिटभरात सापडलं. सर्टिफिकेट मिळालं, केस डिसमिस. लेखी उत्तरही पाठवते म्हणाली.

नितीन म्हणाला, "नो वरीज, भर आता." फॉर्मवर 'आधीचं नाव' हा रकानाही कोराच होता. तिथे आधी बाबांना लिहिलं.

बाबा रागावतील म्हणून ही केस घरी कधी सांगितलीच नाही. आणि इतकी वर्षं कोर्टात माझ्यासोबत तेच उभे होते!