खिळ्यावरची छत्री

मंगळवार, संध्याकाळ

माझ्या पहिलीच्या पोरांवर आठवडाभर संशय होता. सकाळी "आज हवा कशी राहील?" विचारलं की आभाळाकडे न बघताच ओरडतात, "पाणी येते, बाई!" नाहीतर "ऊन!" आणि तसंच होतं. घरून कुणी पढवून पाठवतं का? आज दाराजवळच्या खिळ्याला मुद्दाम छत्री अडकवली नाही. बाहेर काळंकुट्ट, तरी सगळे म्हणाले, "ऊन!"

"काऊन गं?" मी पल्लवीला विचारलं.

"खिळ्याले तुमची छत्री नाई ना, बाई."

म्हणजे रोज छत्री बघत होते, लबाड कुठले!

"मंग तुमाले कसं समजते, बाई?"

"आभाळ बघून," म्हटलं, आणि पावसाचा अंदाज दाखवणारा मोबाईल पर्समध्ये खोल ढकलला. पल्लवी पर्सकडेच बघत राहिली. तिला संशय आला असेल का?