ताईने पोचवलेला निरोप

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन करत नाही, कारण तुझ्या घरी तो आधी भावजींचा सचिव उचलतो आणि मग आणखी दोघे ऐकतात. म्हणून हे पत्र माझ्या औषधाच्या दुकानातून तुला जाणाऱ्या गुडघ्याच्या गोळ्यांच्या पाकिटात घालतोय.

आमच्या तळं वाचवा समितीला एकदाचा उमेदवार मिळाला. वकिलांनी हात जोडले. डॉक्टर म्हणाले, बायकोला विचारून सांगतो, ते अजून विचारताहेत. शेवटी मोजणीबाई तयार झाल्या. शहराच्या पाण्याचं तळं कोरडं आहे असा दाखला मोजणी खात्यात त्यांच्याकडे मागितला, तेव्हा ज्यांनी चिखलाच्या चपला साहेबांच्या टेबलावर ठेवून राजीनामा दिला, त्याच.

आमचा नियम असा, की उमेदवाराने सभेत आधी आपण काय करणार नाही ते सांगायचं. बाईंनी पाऊण तास तेवढंच सांगितलं. बदली करून देणार नाही, चिठ्ठी देणार नाही, लग्नात येऊन फोटो काढणार नाही. निम्मी माणसं उठून गेली, पण उरलेल्यांच्या टाळ्या ऐकायला तू हवी होतीस.

ताई, भावजींच्या विरुद्ध प्रचार करतोय, राग मानू नकोस. तळं बुजवायचा कायदा निवडणूक झाली की विधानसभेत येणार. बाई निवडून आल्या तर निदान एक माणूस तिथे उभा राहून नाही म्हणेल. तुझा लोभ आहेच, तो या धामधुमीतही राहू दे.

तुझा धाकटा

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग कसला डोंबलाचा! घरात एक आमदार पाळलाय, माझा राग तिथेच पुरत नाही. आमचे हे रोज दाढी करताना आरशापुढे "मतदार माझा देव" म्हणून घेतात. ते ऐकून स्वयंपाकीणसुद्धा तोंडाला पदर लावते.

सभागृहात यांचं कसब काय, तर कुठल्याही वाईट कायद्याला हे पाठिंबा देत नाहीत. मतदान आलं की चहाला जातात. बाहेर चहाच्या टपरीवर म्हणे त्या वेळी अर्धी विधानसभा उभी असते, आणि आत कायदा पास होतो. मग हे गावोगाव सांगत फिरतात की माझं बोट त्या पापाला लागलेलं नाही. चहा कोण पाजतो ते मात्र सांगत नाहीत. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून लोक यांना निवडून देतात, आणि ही वीट दर वेळी लोकांच्याच डोक्यात बसते.

आता गंमत ऐक. काल जेवताना मला म्हणाले, तुझ्या भावाला कळव, सरकारी इस्पितळाच्या दारातली औषधाच्या दुकानाची जागा रिकामी होतेय, समिती सोडली तर ती त्याचीच. यांची ही जुनी रीत, स्वतः कधी कुणाला काही द्यायचं नाही, बायकोच्या तोंडून द्यायचं. माझा घास घशातच अडकला, इतकं हसू आलं. माणसाने निदान माणूस तरी ओळखावा! हा निरोप समितीत मोठ्याने वाचून दाखव, कंटाळलेली मंडळी जरा हसतील.

मोजणीबाईंना म्हणावं, बोलताना मधे श्वास घ्या. मायेत खंड पडू देऊ नकोस.

तुझी ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. थोरलीच्या कॉलेजची धावपळ चालू आहे. हिची कंबर धरली आहे. आपलं दुकान गल्लीच्या टोकाला, गिऱ्हाईक यायचं तरी कुठून?

प्रचार ठीक चालला आहे. बाई चांगल्या आहेत, पण फार ताठ. राजकारणात थोडं वाकावं लागतं हे त्यांना कोण सांगणार? भावजींच्या मुरलेपणाचंही कधी कधी कौतुक वाटतं.

तू त्या जागेचं लिहिलं होतंस. सहज विचारतो, दुकानाला मागून दार आहे का? माल उतरवायला बरं पडतं. भावजींना नमस्कार सांग. आठवण ठेवतेसच, तशीच ठेव.

तुझा धाकटा

७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मागचं दार कशाला हवं रे तुला?

मी चेष्टा केली होती. लहानपणापासून मी चेष्टाच करत आले, आणि ती तुला कळत आली. तूही चेष्टाच केलीस, एवढं लिहून पाठव. एका ओळीचं पत्र पुरे. मला इथे जेवण जात नाही. हे मात्र दोन वेळा मागून भात घेतात आणि माझ्याकडे बघून हसतात.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्रकृतीच्या कारणाने समितीचं चिटणीसपद सोडलं आहे. गैरसमज नसावा. तत्त्वं मी सोडलेली नाहीत, पण बाहेरून ओरडून काही सुधारत नाही, आत शिरावं लागतं. मुलींचाही विचार करावा लागतो.

रविवारी संध्याकाळी नव्या दुकानाचं उद्घाटन आहे, फीत भावजी कापणार. तू त्यांच्या शेजारी उभी राहिलीस तर चार लोकांत बरं दिसेल. घरचं कार्य समजून ये.

तुझा धाकटा

२८ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण दिले आहेत असं समज.

रविवारी गाडी तुझ्याकडे यायला उभी होती. मी मागच्या जिन्याने उतरले आणि रिक्षाने बाजारचौकात गेले. तिथे मोजणीबाईंची सभा होती. तू सोडून गेल्याचं कळल्यावर समितीतली अर्धी मंडळीही घरी बसली होती, त्यांचं काय चुकलं? व्यासपीठावर बाई एकट्या. शेजारची चिटणिसाची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मी जाऊन बसले.

बाईंनी मला ओळखलं, घाबरल्या, आणि तरीही माइक माझ्या हातात दिला. मी म्हणाले, "मी आमदारांची बायको. मतदानाच्या वेळी ते कुठे जातात ते सांगायला आले आहे." सगळं सांगितलं. चहा सांगितला, दुकानाची जागा सांगितली. ती माझ्या सख्ख्या भावाने घेतली हे सांगितलं, आणि निरोप माझ्याच हाताने गेला हेही. एकही माणूस उठून गेला नाही. टाळ्याही कुणी वाजवल्या नाहीत.

यांची मला कीव येत नाही, ते पहिल्यापासून तसेच. तुझी किळस आली, आणि मग रात्रभर रडले, कारण यांना मी नवरा म्हणून निभावलं, पण माणूस म्हणून मान द्यायला माझ्याजवळ तू एकटाच होतास.

आता मी बाईंच्या घरी मागच्या खोलीत राहते. तुझे भावजी विचारायला येतील, त्यांना पत्ता दे.

मंगळवारी आमची फेरी इस्पितळाच्या रस्त्याने जाणार आहे. पत्रकं वाटत मी सगळ्यात पुढे असेन, तुझ्या दुकानातही येईन. शटर ओढून घेऊ नकोस. मागच्या दाराने जाऊ नकोस. माझ्याकडे बघ, आणि पत्रक हातात घे.

तुझी ताई